शिकविणारीं विमानें

गोव्यास जाणारा वऱ्हाडी प्रवासी बहुधा समुद्र पाहण्यासाठीं जातो. ज्याच्या गांवीं मृगाचें नक्षत्र लागेपर्यंत आकाशाकडे डोळे लावून बसावें लागतें, त्याला क्षितिजापर्यंत पसरलेलें पाणी पाहणें हेंच एक मोठें पर्व वाटावें, यांत नवल नाहीं. परंतु वास्को-द-गामा शहराजवळ, बोगमाळोच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, भारतीय नौदलाचें एक विमान-संग्रहालय आहे. तें १९९८ सालीं लोकांसाठीं खुलें झालें. अमरावती-अकोल्याकडील कुटुंबांनीं समुद्रस्नानाच्या वेळेंतून एक सकाळ काढून तें मुलांना अवश्य दाखवावें, अशा योग्यतेचें तें आहे. मात्र तेथें काय पाहावें व कसें पाहावें, हें थोडें समजून घेऊन गेल्यास त्या सकाळचें चीज होईल.

संग्रहालयाच्या आवारांत जुनीं विमानें उघड्यावर मांडलेलीं आहेत. १९७१ च्या युद्धांत ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेवरून उडालेल्या जातीचीं ‘सी हॉक’ व ‘अलिझे’ हीं विमानें तेथें आहेत. आंखूड धावेंत उडणारें आणि उभ्यानें खालीं उतरणारें ‘सी हॅरियर’ आहे. जमीन व पाणी या दोहोंवर उतरणारें ‘सीलंड’ आहे. अशीं विमानें १९५३ सालीं नौदलाकडे आलीं आणि त्यांच्यापासूनच नौदलाच्या विमानविभागाचा संसार सुरू झाला. एके काळीं एअर इंडियाच्या सेवेंत देशोदेशींचे उतारू वाहणारें आणि पुढें नौदलांत आलेलें प्रचंड ‘सुपर कॉन्स्टेलेशन’ही तेथें विसावलेलें आहे. या सर्व मोठ्या मंडळींत एक लहानसें, साधें, पुढें एकच पंखा असलेलें विमान उभें आहे. त्याचें नांव ‘एच्. टी. २’. तोफा नाहींत, बाँब नाहींत, रूपाचा डौल नाहीं. त्याच्यापुढें आपण होऊन पाय थबकावे, असें त्यांत वरवर पाहतां कांहींच नाहीं.

तरी पण लष्करी उड्डाणशाळेचा इतिहास ज्याला वाचावयाचा असेल, त्यानें प्रथम याच विमानापाशीं उभें राहावें. यांत एकामागें एक अशा दोन बैठका आहेत, आणि दोन्ही ठिकाणीं विमान चालविण्याचीं साधनें आहेत. एक बैठक शिष्याची, दुसरी गुरूची. लढाऊ विमान सेनेनें काय केलें हें सांगतें. दोन बैठकांचें हें विमान ती सेना तें करावयास शिकली कशी, हें सांगतें. शाळेचा इतिहास म्हणजे तिच्या इमारतींचा इतिहास नव्हे. गुरूनें शिष्याच्या हातीं दांडा केव्हां व कसा सोपविला, याचा तो इतिहास असतो. आणि विमानाच्या शाळेंत तर या प्रश्नाच्या उत्तरावर माणसाचा प्राण अवलंबून असतो.

पोहावयास शिकणाऱ्या मुलाच्या पाठीला भोपळा बांधून त्याला विहिरींत सोडतात. मल्लखांब शिकणारा मुलगा निसटला तर झेलण्यासाठीं खालीं वस्ताद उभा असतो. १९१४ सालीं स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या आखाड्यांत वऱ्हाडच्या कित्येक पिढ्यांनीं हा अनुभव घेतला आहे. विमानविद्येची अडचण अशी कीं, आकाशांत उथळ पाणी नाहीं व खालीं कोणी झेलणारा नाहीं. एकदां चाकें जमिनीपासून सुटलीं कीं, विद्यार्थ्यास सर्व विद्या एकदमच वापरावी लागते. म्हणून विमानविद्येच्या आरंभकाळीं शिक्षणाची पद्धति फारच ओबडधोबड होती. कोठें विद्यार्थ्यास एका बैठकीच्या विमानांत बसवून प्रथम मैदानावर नुसतें धांवावयास लावीत, मग टोळासारख्या लहान उड्या मारावयास सांगत. कोठें तो शिक्षकाच्या मागें बसून त्याच्या खांद्यावरून हात पुढें घाली व दांडा धरून पाही. ज्याला जमलें तो वैमानिक झाला; ज्याला जमलें नाहीं, त्याच्याबद्दल पुष्कळदां पुढें लिहिण्यासारखें कांहीं उरतच नसे.

त्या काळच्या विद्यार्थ्यांना सर्वांत मोठी धास्ती गिरकीची असे. ती काय असते, हें समजण्यासारखें आहे. पंखांवरून हवा पुरेशा वेगानें व सुरळीत वाहत असते, तोंवर पंख विमानाला उचलून धरतात. नाक फार वर केलें आणि वेग मंदावला, म्हणजे हा प्रवाह पंखाच्या पाठीवरून सुटतो व उचल एकाएकीं ढासळते. त्यांतच एका पंखाचा आधार दुसऱ्याच्या आधीं गेला, तर विमान त्या बाजूस कलतें, नाक खालीं करतें आणि भोवऱ्यासारखें गरगर फिरत जमिनीकडे येऊं लागतें. अशा वेळीं मनुष्यस्वभाव काय सांगतो? जमीन वर येत आहे, तेव्हां नाक वर करण्यासाठीं दांडा जोरानें पोटाशीं ओढावा. आणि तेंच नेमकें घातक ठरतें. कारण पंखांना हवेचा प्रवाह परत मिळत नाहीं आणि गिरकी कायम राहते. उपाय याच्या उलट आहे. विमान ज्या बाजूस फिरत असेल तिच्या विरुद्ध बाजूचें सुकाणू पायानें दाबावें आणि दांडा पुढें सारावा. म्हणजे ज्या जमिनीचें भय वाटतें, तिच्याकडेच नाक करावें. तेव्हां वेग मिळतो, प्रवाह पुन्हां पंखांना धरतो आणि विमान वैमानिकाच्या आज्ञेंत येतें.

हें ज्ञान फुकट मिळालेलें नाहीं. २५ ऑगस्ट १९१२ रोजीं ब्रिटिश नौदलाचे लेफ्टनंट विल्फ्रेड पार्क यांचें विमान असेंच गिरकींत सांपडलें. जमीन अगदीं जवळ आली असतां त्यांनीं उलट सुकाणू दाबलें, आणि पाहणारांनीं ज्यांची आशा सोडली होती, ते पार्कसाहेब सुखरूप खालीं उतरले. आपण काय केलें व त्याचा काय परिणाम झाला, हें त्यांनीं तेव्हांच सांगितलें, आणि ती हकीकत त्याच महिन्यांत छापूनही आली. पुढें डिसेंबरांत ते दुसऱ्या एका अपघातांत मृत्यु पावले. मनुष्य गेला, परंतु नोंद राहिली. उड्डाणशाळेच्या संग्रहालयाचें खरें कार्य कोणतें, तें या एका उदाहरणानें स्पष्ट होईल.

नोंद झाली, तरी तिचें शिक्षण व्हावयास पांच वर्षें जावीं लागलीं. १९१७ सालीं, पहिल्या महायुद्धाच्या ऐन धुमश्चक्रींत, इंग्लंडमधील गॉस्पोर्ट येथें मेजर रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्यानें वैमानिक शिकविण्याची एक नवी पद्धति सुरू केली. तिचें तत्त्व कोणाही शिक्षकानें मनांत जपून ठेवावें असें आहे. विद्यार्थ्याला धोक्यापासून दूर ठेवूं नये. शिक्षक बरोबर असतांना त्याला मुद्दाम धोक्यांत न्यावें आणि त्यांतून बाहेर कसें पडावें, हें त्याच्याच हातून करवून घ्यावें. पुरेशी उंची गांठून विमान हेतुपुरस्सर गिरकींत घालावयाचें, आणि शिष्यानें तें सोडवावयाचें. यासाठीं दोघांच्याही हातीं पूर्ण साधनें असलेलें ‘ॲव्रो ५०४’ हें विमान त्यांनीं निवडलें. एंजिनाच्या घरघराटांत गुरूचें बोलणें शिष्यास ऐकूं यावें म्हणून कानापर्यंत जाणारी बोलण्याची नळी बसविली. ती पुढें ‘गॉस्पोर्ट नळी’ याच नांवानें ओळखली जाऊं लागली. शिक्षक दांड्याला हात न लावतां त्या नळींतून सांगे, आणि शिष्य करी. फार चुकला तरच शिक्षकाचा हात पुढें येई. ही पद्धति पुढें अनेक देशांच्या उड्डाणशाळांनीं उचलली. आज नळीच्या जागीं विजेचीं श्रवणयंत्रें आलीं आहेत, पण तत्त्व तेंच आहे.

या शिक्षणाचा कळसाध्याय म्हणजे एकट्यानें केलेलें पहिलें उड्डाण. एखाद्या सकाळीं कांहीं फेऱ्या झाल्यावर शिक्षक विमान थांबवावयास सांगतो, स्वतः खालीं उतरतो, आपल्या रिकाम्या बैठकीचे पट्टे नीट बांधून ठेवतो आणि म्हणतो, “आतां एक फेरी तुझी तूं मारून ये.” एक मनुष्य कमी झाल्यानें विमान हलकें झालेलें असतें व लवकर वर जातें, विद्यार्थ्याला तो फरक हातांत जाणवतो. जमिनीवर उभा असलेला शिक्षक त्या क्षणीं कांहींही करूं शकत नाहीं. त्यानें जें करावयाचें तें आधींच्या प्रत्येक तासाला केलेलें असतें. खालीं केव्हां उतरावें, हा निर्णय उड्डाणशाळेंतील सर्वांत अवघड निर्णय होय. लवकर उतरला तर शिष्याचा जीव जाईल. उशिरां उतरला तर शिष्याचा आत्मविश्वास जाईल. विद्यार्थ्याच्या उड्डाणवहींत त्या दिवसाची नोंद एकाच ओळींत होते: तारीख, विमानाचा क्रमांक, वेळ. पण प्रत्येक वैमानिक ती ओळ जन्मभर जपतो.

हिंदुस्थानांत पहिली लष्करी उड्डाणशाळा काढण्याचा प्रयत्न १९१३ च्या अखेरीस संयुक्त प्रांतांतील सीतापूर येथें झाला. ती हिंदी सैन्यांतील गोऱ्या अधिकाऱ्यांसाठीं होती, आणि तिचे प्रमुख कॅप्टन मॅसी हे होते. १९१४ सालीं महायुद्ध सुरू झालें. शाळेची घडी बसण्यापूर्वींच तिचे वैमानिक सुएझ कालव्याच्या रक्षणासाठीं इजिप्तला धाडण्यांत आले आणि शाळा बंद पडली. त्यामुळें त्या युद्धांत जे थोडे हिंदी तरुण वैमानिक झाले, ते विलायतेंतच शिकले. त्यांत मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर हे होते. १९१८ च्या जून महिन्यांत फ्रान्सच्या आघाडीवर त्यांचें विमान पाडलें गेलें व त्यांना मृत्यु आला. कलकत्त्याचे इंद्रलाल रॉय हेही होते. त्यांनीं जुलै १९१८ मध्यें दोन आठवड्यांच्या आंत दहा विजय मिळविले आणि २२ जुलैला ते धारातीर्थीं पडले. त्या वेळीं त्यांचें वय एकोणीस वर्षांचें होतें.

हिंदी माणसास विमान चालवितां येईल कीं नाहीं, ही शंका सरकारी दप्तरांत यानंतरही शिल्लक राहिली. स्कीन समितीच्या शिफारशीनंतर १९३० सालीं सहा हिंदी तरुण इंग्लंडमधील क्रॅनवेल येथील विद्यालयांत शिकावयास गेले. पांच जण वैमानिक म्हणून तयार झाले, सहाव्याकडे जमिनीवरील काम आलें. ८ ऑक्टोबर १९३२ रोजीं हिंदी हवाई दलाची कायद्यानें स्थापना झाली, आणि १ एप्रिल १९३३ रोजीं कराचीस ड्रिग रोड येथें चार ‘वॅपिटी’ विमानांसह त्याची पहिली तुकडी उभी राहिली. दिल्लीजवळ पालम येथें हवाई दलाचें जें संग्रहालय आहे, त्यांत या जातीचें एक विमान आजही पाहावयास मिळतें. ज्यानें गोवा पाहिला, त्यानें सवडीनें पालमही पाहावें. कारण कराची, लाहोर, रिसालपूर हीं आरंभींचीं ठिकाणें फाळणीनंतर परदेशांत गेलीं, आणि आतां त्या दिवसांची भेट बहुतांशीं संग्रहालयांतच होऊं शकते.

दुसऱ्या महायुद्धानें मात्र शाळांची संख्या वाढविली. हैद्राबादेस बेगमपेठ येथें व राजपुतान्यांत जोधपूर येथें ‘टायगर मॉथ’ या उघड्या बैठकींच्या दोन-पंखी विमानावर पहिले धडे दिले जात. मग अंबाल्यास ‘हार्वर्ड’ या दणकट व कर्कश विमानावर पुढचें शिक्षण होई. त्याच युद्धकाळांत, १९४३ सालीं, अकोल्याजवळ शिवणी येथें धावपट्टी तयार झाली. वऱ्हाडांतील अनेक कुटुंबांत विमान जवळून पाहिल्याच्या पहिल्या आठवणी शिवणीच्याच निघतात. स्वातंत्र्यानंतर लगेच, १ एप्रिल १९४८ रोजीं, अंबाल्यास आणखी एक शाळा निघाली. ती वैमानिकांची नव्हे, तर वैमानिक शिकविणाऱ्या शिक्षकांची. १९५४ मध्यें ती मद्रासजवळ तांबरम येथें नेण्यांत आली. उत्तम उडविणारा उत्तम शिकवील असें नाहीं, हें सत्य हवाई दलानें इतक्या लवकर ओळखलें, ही गोष्ट अध्यापनाचा व्यवसाय करणाऱ्या प्रत्येकास समाधान देणारी आहे.

येथें गोव्याच्या त्या लहान विमानाकडे पुन्हां वळलें पाहिजे. कारण त्याच्या मागें महाराष्ट्राचा मोठा हात आहे. सोलापूरचे उद्योगपति वालचंद हिराचंद यांनीं म्हैसूर सरकारच्या साह्यानें डिसेंबर १९४० मध्यें बंगळुरास विमानांचा कारखाना काढला. त्या कारखान्यांतून १९४१ सालीं जें पहिलें विमान बाहेर पडलें तें अमेरिकन नमुन्याचें ‘हार्लो’, म्हणजे एक शिक्षणविमानच होतें. याच कारखान्यांत डॉ. विष्णु माधव घाटगे यांनीं आपलें आयुष्य वेंचलें. ते मूळचे कोल्हापूरकडील. जन्म १९०८ चा. जर्मनींत ग्यॉटिंगेन येथें प्रो. लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखालीं त्यांनीं डॉक्टरची पदवी मिळविली. हवेचा प्रवाह पंखाच्या पाठीवरून कां सुटतो, हें कोडें १९०४ सालीं ज्यांनीं उलगडलें, तेच हे प्रांट्ल. गिरकीचें मूळ ज्या विद्येनें शोधून काढलें, ती विद्या घेऊन घाटगे स्वदेशीं आले आणि आपल्या मुलांनीं कशावर उडावयास शिकावें, या प्रश्नाला त्यांनीं हात घातला.

शिक्षणविमान रचणें हें लढाऊ विमान रचण्यापेक्षां सोपें, अशी समजूत असल्यास ती चुकीची आहे. लढाऊ विमान निष्णात माणसाच्या हातीं जावयाचें असतें. शिक्षणविमान अशाच्या हातीं द्यावयाचें असतें, कीं जो दररोज चुकणार आहे हें ठाऊकच आहे. त्यानें चूक पोटांत घातली पाहिजे. पण चूक झाल्याचें कळूंच दिलें नाहीं, तरही विद्यार्थी बिघडतो. सांगितल्यावर त्यानें गिरकी घेतली पाहिजे, आणि योग्य उपाय केल्यावर तींतून हटकून बाहेर आलें पाहिजे. धाडकन् उतरविलें तरी चाकें मोडतां कामा नयेत. शिवाय गरीब देशाला परवडलें पाहिजे. घाटगे यांचें ‘एच्. टी. २’ सर्वस्वीं धातूचें होतें. त्याचे पंख खालच्या अंगास, चाकें न मिटणारीं, आणि एंजिन १५५ अश्वशक्तीचें होतें. ऑगस्ट १९५१ मध्यें कॅप्टन जमशेद मुन्शी यांनीं तें प्रथम आकाशांत नेलें. हिंदुस्थानांत आराखडा होऊन कारखान्यांतून रीतसर निघूं लागलेलें एंजिनाचें पहिलें विमान तें हेंच. टायगर मॉथची जागा त्यानें घेतली, आणि हवाई दल व नौदल यांच्या कितीतरी वैमानिकांनीं आपली पहिली एकट्याची फेरी याच विमानांतून मारली. घाना या आफ्रिकन देशानें आपलें हवाई दल उभारलें, तेव्हां त्याच्या विद्यार्थ्यांनाही भारतीय शिक्षक व हींच विमानें मिळालीं. पुढें घाटगे यांच्याच नेतृत्वाखालीं ‘किरण’ हें जेट शिक्षणविमान तयार झालें. त्याचें पहिलें उड्डाण सप्टेंबर १९६४ मध्यें झालें. त्यांत गुरु व शिष्य शेजारीं-शेजारीं बसतात.

येथपर्यंतचा इतिहास अभिमानानें सांगण्यासारखा आहे. परंतु उड्डाणशाळेच्या इतिहासांत एक दुःखाचें पानही आहे, आणि प्रामाणिक संग्रहालयानें तें झांकूं नये. किरणवर शिकलेल्या तरुणास त्यानंतर मिग-२१ सारख्या अतिवेगवान विमानांत बसावें लागे. या दोहोंमध्यें एक पायरी गळलेली होती. मधल्या पायरीचें प्रगत जेट शिक्षणविमान असावें, असें ला फोंतेन समितीनें १९८२ सालीं सांगितलें. तें विमान, ‘हॉक’, मराठी मुलखाच्या सरहद्दीवरील बीदर येथें दाखल झालें तें फेब्रुवारी २००८ मध्यें. सूचना आणि अंमल यांच्यामध्यें सव्वीस वर्षें गेलीं. या काळांत तरुण वैमानिकांच्या मृत्यूच्या वार्ता वारंवार येत राहिल्या. सप्टेंबर २००१ मध्यें राजस्थानांत मिग-२१ कोसळून पुण्याचा एक तरुण फ्लाइट लेफ्टनंट मृत्यु पावला. त्याच्या मातापित्यांनीं शोक गिळला, हवाई सुरक्षिततेसाठीं प्रतिष्ठान स्थापन केलें आणि शिक्षणाच्या साधनांचा प्रश्न वर्षानुवर्षें लावून धरला. प्रत्येक अपघाताचें कारण एकच असतें असें नाहीं. यंत्र, हवामान, पक्षी, मनुष्य, यांपैकीं कशांतही तें असूं शकेल. पण गाळलेल्या पायरीची किंमत ती पायरी गाळणारांना द्यावी लागत नाहीं, जिना चढणाराला द्यावी लागते.

प्राथमिक शिक्षणाचीही अशीच कथा आहे. ‘एच्. टी. २’ च्या जागीं आलेल्या ‘दीपक’ विमानाच्या एंजिनाबद्दल तक्रारी होत्या, आणि त्यांत संकटसमयीं वैमानिकास बाहेर फेंकणारी बैठक नव्हती. जुलै २००९ मधील अपघातांत दोन वैमानिक मरण पावले, आणि त्यानंतर हीं विमानें बंद ठेवण्यांत आलीं. मे २०१३ मध्यें हैद्राबादजवळील दुंडीगल येथील वायुसेना अकादमींत स्वित्झर्लंडचीं ‘पिलाटस’ विमानें आलीं. तीं चांगलीं आहेत. पण घाटगे यांच्या देशाला पहिल्या पायरीसाठीं पुन्हां परदेशाकडे पाहावें लागलें, हें विसरतां येत नाहीं. समाधानाची गोष्ट एवढी, कीं ‘एच्. टी. टी. ४०’ या नव्या स्वदेशी शिक्षणविमानानें मे २०१६ मध्यें पहिलें उड्डाण केलें, मार्च २०२३ मध्यें अशा सत्तर विमानांचा करार झाला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्यें त्याच्या उत्पादनाची दुसरी शाखा नाशिकच्या कारखान्यांत सुरू करण्यांत आली. मिग-२१ हें विमानही सप्टेंबर २०२५ मध्यें हवाई दलांतून निवृत्त झालें. तें आतां संग्रहालयांत जाईल. त्याच्या शेजारीं जी पाटी लागेल, तिच्यावर त्याच्या पराक्रमाबरोबर या गळलेल्या पायरीचाही उल्लेख असावा.

कोणी म्हणेल कीं, या लष्करी गोष्टींशीं वऱ्हाडांतील घरांचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो आतां अगदीं उंबरठ्यापर्यंत आला आहे. पुण्याजवळ खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेस येथील मुलें बसतात. आतां मुलीही बसतात; प्रबोधिनींतून सतरा मुलींची पहिली तुकडी ३० मे २०२५ रोजीं बाहेर पडली. त्याआधीं १८ जून २०१६ रोजीं दुंडीगल येथें तीन तरुणी लढाऊ विमानांच्या वैमानिक म्हणून हवाई दलांत दाखल झाल्या होत्या. अमरावतीजवळ बेलोरा येथील विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजीं मुंबईची उतारूंची वाहतूक सुरू झाली. त्याच बेलोऱ्यास मोठी उड्डाणशाळा काढण्याचें एअर इंडियानें २०२४ सालीं जाहीर केलें, आणि वर्षास १८० वैमानिक तयार करण्याचा संकल्प सांगितला. ही शाळा मुलकी आहे, लष्करी नव्हे. पण दोन बैठका, गुरूचा सैल सोडलेला हात आणि एकट्याची पहिली फेरी, हें सर्व तेथेंही तेंच असणार.

म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली पालकांसाठीं. मुलगा किंवा मुलगी उड्डाणशाळेंत जाऊं इच्छीत असेल, तर शुल्क व पगार यांच्या चौकशीबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावे: शिकविणारा शिक्षक शिकविण्याचें शिक्षण घेतलेला आहे काय, पहिल्या विमानापासून शेवटच्या विमानापर्यंतच्या पायऱ्या सलग आहेत काय, आणि शाळेंत झालेल्या चुकांची नोंद ठेवून ती पुढच्या विद्यार्थ्यांना वाचावयास देतात काय? ज्या शाळेला या प्रश्नांचा राग येत नाहीं, ती शाळा चांगली समजावी.

दुसरी गोष्ट नव्या शाळांच्या चालकांसाठीं. संग्रहालय पन्नास वर्षांनीं काढावयाचें असतें, पण त्याचा संग्रह पहिल्या दिवसापासून करावा लागतो. धातूचें विमान टिकतें. गुरूनें शिष्याच्या वहींत लिहिलेला शेरा टिकत नाहीं. पहिल्या तुकडीच्या उड्डाणवह्या, शिक्षकांचे शेरे, हवामानाच्या पाट्या, अपघातांचे चौकशी-अहवाल, तसेंच ज्यांना वैमानिक होतां आलें नाहीं व सन्मानानें घरीं परत पाठविलें गेलें त्यांच्याही नोंदी जपून ठेवाव्या. अकोल्यासही शिवणीची युद्धकाळची धावपट्टी कोणी बांधली व तेथें काय काय उतरलें, हें जुन्या दप्तरांतून व वृद्धांच्या तोंडून टिपून घ्यावयास कोणी शाळकरी मुलें पुढें आलीं, तर एक लहानसें दालन तेथेंही उभें राहूं शकेल.

तोंवर गोव्याची ती सकाळ हाताशीं आहेच. मुलांना ‘सी हॅरियर’ अवश्य दाखवावें. त्यांचें मन प्रथम तिकडेच ओढ घेईल, आणि तें योग्यच आहे. मग त्यांना त्या लहान विमानापाशीं आणावें, दोन बैठका मोजावयास सांगाव्या, आणि दुसरी कोणाची होती, हें त्यांनाच विचारावें.